हरवलेल्यांच्या मागावर : प्रस्तावना

निघून गेलेल्या माणसाचे देव काय करतो, हा या पुस्तकाचा विषय. तो त्याला विसरतो, शिक्षा करतो, परतण्याची वाट पाहतो, की स्वतः उठून त्याच्या मागे जातो? ख्रिस्ती मंडळीने दोन हजार वर्षांत ही चारही उत्तरे दिली आहेत. कधी एकेक, तर कधी चारही एकाच प्रवचनात. येशूने मात्र दाखले सांगताना सगळा भर चौथ्या उत्तरावर दिला. त्याच्या दाखल्यांतला देव बसून राहत नाही. तो रानात उतरतो, दिवा लावून घर झाडतो, रस्त्याने धावत सुटतो. मराठी माणसांनी या देवाविषयी काय म्हटले, काय अनुभवले आणि कुठे त्याच्याशी भांडण मांडले, ते पुढच्या पानांत वाचायला मिळेल. ज्याने बायबल कधी उघडलेले नाही त्याला आत शिरताना ठेच लागू नये, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

विषयाचे मूळ लूकच्या शुभवर्तमानातल्या पंधराव्या अध्यायात आहे. निमित्त जेवणाचे. जकातदार आणि गावाने पापी ठरवलेली माणसे यांच्या पंक्तीला येशू बसतो, म्हणून परूशी आणि शास्त्री कुरकुर करतात. ही कुरकुर महाराष्ट्राला समजावून सांगावी लागत नाही. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याबद्दल रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांना प्रायश्चित्ताच्या वादात ओढले गेले होते. कोण कोणाबरोबर काय प्यायला यावरून इथे वर्षानुवर्षे खल चालला. त्या कुरकुरीला उत्तर म्हणून येशू एकामागून एक तीन गोष्टी सांगतो: शंभरातले एक मेंढरू हरवते, दहातले एक नाणे हरवते, दोघांतला एक मुलगा वाटणी मागून परदेशी जातो.

मराठी ख्रिस्ती घरांत तिसरी गोष्ट ‘उधळ्या पुत्र’ या नावाने ठाऊक असते, आणि बहुतेक प्रवचने त्या धाकट्या मुलाच्या डुकरांपाशी रेंगाळतात. त्याने पैसा कसा उडवला, उपाशी कसा राहिला, त्याला शुद्ध कशी आली, हे सगळे रंगवून सांगता येते आणि ऐकणाऱ्या तरुणांना दटावताही येते. पण अध्याय सलग वाचला की वजन कुठे आहे ते कळते. मेंढरू पश्चात्ताप करत नाही. नाण्याला तर आपण हरवलो आहोत याचाही पत्ता नसतो. दोन्ही गोष्टींत सगळी धावपळ शोधणाऱ्याची आहे. तिसऱ्या गोष्टीत मुलगा परत फिरतो खरा, पण त्याने पाठ केलेले माफीचे भाषण पुरे होण्याआधीच बाप अंगरखा मागवतो. मोठा मुलगा रुसून अंगणात उभा राहतो, तेव्हा बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो. तो आत गेला की नाही, हे येशू सांगत नाही. गोष्ट तिथेच सोडून दिली आहे. ज्या धर्मनिष्ठांसाठी ती सांगितली जात होती त्यांनी ती पुरी करायची होती.

शंभरातल्या एकासाठी नव्याण्णव रानात सोडणारा मेंढपाळ शहरी वाचकाला अव्यवहारी वाटतो. नाशिक-नगरच्या माळरानावर दिवाळीनंतर वाडा घेऊन निघणाऱ्या धनगरांना तो तसा वाटायचे कारण नाही. वाड्यात दोन-चार कुटुंबे एकत्र चालतात, कुत्री असतात. एक जण मागे राहिलेल्या कोकराला हुडकायला गेला तर उरलेला कळप वाऱ्यावर पडत नाही. पॅलेस्टाइनचे मेंढपाळही बहुधा असेच राखण करत असावेत. तेव्हा दाखल्यातला नव्याण्णवांचा त्याग दिसतो तेवढा अविचारी नाही. अविचारी म्हणायचाच तर पुढचा भाग म्हणावा: एक मेंढरू सापडले म्हणून हा गृहस्थ शेजारीपाजारी बोलावून आनंद करतो. आनंदाची ही उधळपट्टी तिन्ही गोष्टींत आहे, आणि कुरकुर करणाऱ्यांना नेमकी तीच झोंबते.

हरवणे एकाच प्रकारचे नसते हेही या अध्यायाने सांगून ठेवले आहे. सिंहस्थात रामकुंडाच्या गर्दीत ध्वनिक्षेपकावरून दिवसभर नावे पुकारली जातात. त्यांत हात सुटलेले पोर असते, पत्ता आठवत नसलेली म्हातारी असते आणि घरच्यांना कंटाळून मुद्दाम गर्दीत मिसळलेला एखादा इसमही असू शकतो. पुकारणारा तिघांचीही नावे एकाच आवाजात घेतो. मेंढरू चरता चरता दूर जाते, नाणे दुसऱ्याच्या हलगर्जीपणाने पडते, धाकटा जाणूनबुजून जातो आणि थोरला घरातच हरवलेला असतो. यांतल्या कोणाचा दोष किती, याचा हिशेब येशू मांडत नाही.

येशूआधीच्या यहुदी ग्रंथांतही ही कल्पना आहे, आणि तिथे ती अधिक खडबडीत आहे. होशेय संदेष्ट्याला आपली बायको दुसऱ्यांकडे जाताना पाहावी लागते आणि तिला परत आणावे लागते. देव आणि इस्राएल यांच्या नात्याचे चित्र त्याने त्या दुखण्यातून काढले. योना देवापासून पळतो, देव त्याला गाठतो. मग निनवेसारख्या शत्रूच्या शहरालाही देवाने क्षमा केली म्हणून हाच योना फुगून बसतो. यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा चौतिसावा अध्याय तर सरळ आरोपपत्र आहे, आणि आरोपी आहेत मेंढपाळ. त्यांनी लोकर घेतली, मांस खाल्ले. पण दुखणाईताला औषध दिले नाही, हाकलून लावलेल्याला परत आणले नाही. म्हणून देव म्हणतो की आता मीच माझी मेंढरे शोधीन. काही मेंढरे भरकटतात आणि काही हाकलली जातात, हा भेद यहेज्केलाने केला. चर्चला तो पुढे अनेकदा सोयीस्करपणे विसरता आला.

रोममधल्या भुयारी दफनभूमींच्या भिंतींवर खांद्यावर मेंढरू घेतलेला तरुण मेंढपाळ तिसऱ्या शतकापासून दिसतो. मंडळीची खरी परीक्षाही त्याच शतकात झाली. इ.स. २५०च्या सुमारास सम्राट डेशियसने सर्वांना रोमन देवतांना बळी देण्याची सक्ती केली. पुष्कळ ख्रिस्ती घाबरून वाकले, आणि छळ ओसरल्यावर चर्चच्या दाराशी येऊन उभे राहिले. त्यांना आत घ्यायचे का? नोव्हेशियनचा पक्ष म्हणाला, नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणाला, प्रायश्चित्तानंतर घ्यायचे. पुढे उत्तर आफ्रिकेत डोनाटिस्टांनी हाच वाद अधिक कडवेपणाने पेटवला. ख्रिस्ती क्षमेचे शास्त्र ग्रंथालयात घडले नाही, अशा दारांशी घडले.

ऑगस्टिन (३५४-४३०) त्याच आफ्रिकेचा. त्याच्या ‘कन्फेशन्स’ या आत्मनिवेदनात दोन पाठलाग आहेत. आई मोनिका कार्थेजपासून मिलानपर्यंत रडत, प्रार्थना करत मुलाच्या मागे जाते. आणि मागे वळून पाहताना त्याला कळते की देवही मागावर होताच. मनुष्य स्वतःच्या बळावर चांगले निवडू शकतो, असे मानणाऱ्या पेलाजियसशी त्याचा वाद झाला तो याच अनुभवातून. आधी देवाची कृपा, मग माणसाचे पाऊल, ही ऑगस्टिनची भूमिका पाश्चात्य ख्रिस्ती विचाराच्या मुळाशी राहिली. मध्ययुगाने या कृपेला वेळापत्रक दिले. १२१५च्या लॅटरन परिषदेने प्रत्येक प्रौढ ख्रिस्ती माणसाला वर्षातून निदान एकदा धर्मगुरूपुढे पापनिवेदन करणे बंधनकारक केले. गोव्यातला कुमसार, म्हणजे पापनिवेदनाचा विधी, त्याच परंपरेतला. त्यात भय होते, सक्ती होती. पण निदान वर्षातून एकदा कुणीतरी कान देऊन बसणार, ही हमीही होती. प्रॉटेस्टंट घरांत वाढलेल्यांनी कुमसाराची थट्टा करण्याआधी ही हमी आपण कशाने भरून काढली, याचा विचार करावा.

ल्यूथरनंतर कृपेचा वाद नव्या वळणाने आला. देवाने ज्याला निवडले तो कायमचा निसटू शकत नाही, असे कॅल्व्हिनची परंपरा म्हणते. १६१८-१९च्या डॉर्ट परिषदेने त्याला ठाम रूप दिले. आर्मिनियसचे अनुयायी आणि पुढे जॉन वेस्ली यांचे म्हणणे असे की देव सर्वांच्या मागे जातो, पण पकडलेला हात सोडण्याची मुभा माणसाला असते. मराठी वाचकाला हा वाद परका वाटू नये. दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांत मर्कटन्याय आणि मार्जारन्याय असे दोन पक्ष आहेतच. माकडिणीच्या पिलाला आईला घट्ट धरावे लागते. मांजरीच्या पिलाला काही करावे लागत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते. डॉर्टचे धर्मशास्त्री आणि श्रीरंगमचे आचार्य एकमेकांना कधी भेटले नाहीत, तरी त्यांच्या वादाची चौकट तेवढी सारखी आहे.

मराठीत हा विषय आला तो ओवीतून. मूळच्या इंग्लंडच्या आणि १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्सने मराठीत रचलेले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोलला छापून निघाले. संतांची ओवी उचलून त्याने त्यात येशूचे चरित्र ओतले. त्यामानाने कमी वाचला गेलेला ग्रंथ म्हणजे एतिएन द ला क्र्वा या फ्रेंच जेजुइटाचे, गोव्यात १६२९ साली छापलेले पेत्रावरचे पुराण. आमच्या विषयाच्या दृष्टीने ही निवड लक्षणीय आहे. पेत्र हा येशूचा पट्टशिष्य, आणि अटकेच्या रात्री त्याला तीनदा नाकारणाराही तोच. पुनरुत्थानानंतर येशू त्याला सरोवराकाठी गाठतो, तीनदा एकच प्रश्न विचारतो आणि मेंढरे त्याच्याच हवाली करतो. चुकलेल्यालाच मेंढपाळ नेमण्याची ही कथा मराठी ओवीत इतक्या लवकर आली, हे आमच्या वाङ्मयाच्या इतिहासकारांनी पुरेसे मनावर घेतलेले नाही. मात्र ज्या पोर्तुगीज राजवटीत ही पुराणे लिहिली गेली तिच्याच सावलीत गोव्यात इन्क्विझिशन चालले होते, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे. शोधणाऱ्या मेंढपाळाची ओवी आणि पाखंड्यांची चौकशी एकाच मुलखात नांदत होती.

एकोणिसाव्या शतकात दुसरा प्रवाह आला. १८१३ साली मुंबईत अमेरिकन मराठी मिशन सुरू झाले, १८४२ साली ‘ज्ञानोदय’ निघाले, बायबलचे भाषांतर झाले. धर्मांतराबरोबर भरकटण्याचा प्रश्न उलटा होऊन समोर आला. बाप्तिस्मा घेणारा मंडळीच्या दृष्टीने सापडलेला होता, आणि त्याच्या घरच्यांच्या दृष्टीने कायमचा हरवलेला. १८४३ सालचे मुंबईतले शेषाद्री बंधूंचे प्रकरण घ्या. थोरला नारायण ख्रिस्ती झाला आणि पुढे जालन्याला त्याने मोठे काम उभारले. धाकटा श्रीपत अल्पवयीन होता. न्यायालयाने त्याला बापाच्या ताब्यात दिले. पण मिशनऱ्यांच्या घरी राहिलेल्या त्या पोराला जातीत परत घ्यायचे की नाही यावर ब्राह्मणसमाज दुभंगला. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला प्रायश्चित्त देऊन परत घेण्याची बाजू घेतली आणि सनातन्यांचा राग ओढवून घेतला. नोव्हेशियन आणि सिप्रियन यांचा वाद सुमारे सोळाशे वर्षांनी मुंबईत हिंदू समाजात चालला होता, आणि सिप्रियनच्या बाजूला दर्पणकार जांभेकर उभे होते. ख्रिस्ती लेखकांनी आपल्या पूर्वजांचा छळ सांगताना जांभेकरांचा हा उदारपणाही सांगायला हवा.

आता नाशिक. शरणपूर रस्त्यावरून रोज जाणाऱ्या हजारोंना त्या नावामागची वस्ती ठाऊक नसते. चर्च मिशनरी सोसायटीने १८५०च्या दशकात शहराबाहेर वसवलेले ते ख्रिस्ती गाव. जातीतून बाहेर पडलेल्या धर्मांतरितांना घर आणि धंदा मिळावा हा त्यामागचा हेतू. विल्यम सॉल्टर प्राइस हे तिथले प्रमुख मिशनरी. १८६०पासून तिथे आफ्रिकन मुलेही आली. अरबी गुलबतांतून गुलाम म्हणून नेली जाणारी ही मुले ब्रिटिश आरमाराने सोडवून मुंबईत उतरवली, त्यांतली काही शरणपूरला पाठवली. सुतारकाम, लोहारकाम, लिहिणे-वाचणे ती तिथे शिकली. पुढे यांतलेच काही जण डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या आफ्रिकेतल्या प्रवासांत सामील झाले. १८७३ साली लिव्हिंगस्टन वारला तेव्हा त्याचे शव समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्यांत शरणपूरचा जेकब वेनराइट होता, आणि एप्रिल १८७४मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनाच्या वेळी तो तिथे हजर होता. दुसऱ्याच वर्षी प्राइस यांनी मोंबासाजवळ फ्रीरटाउन ही मुक्त गुलामांची वस्ती वसवली आणि नाशिकचे आफ्रिकन तिकडे गेले.

या मुलांना हरवलेली मेंढरे म्हणणे बरोबर नाही. ती भरकटली नव्हती, चोरली गेली होती. त्यांना सोडवणाऱ्यांनी आपली नावे त्यांना दिली, आपला धर्म दिला आणि शेवटी त्यांनी कुठे जायचे तेही ठरवले. त्यांतल्या कितीजणांना आपल्या आईबापांचे गाव आठवत होते, हे कोणी नोंदवून ठेवले असते तर शरणपूरचा इतिहास वेगळा वाचता आला असता. तरीही गुलबतापेक्षा शरणपूर बरे होते, आणि ती मुले तिथे जगली. देवाच्या शोधात माणसे सहभागी होतात तेव्हा त्यांचे हात किती स्वच्छ असतात, हा प्रश्न मला शरणपूरने विचारायला शिकवले.

हाकलले जाण्याची गोष्ट नाशिकमध्ये बोलायची तर काळाराम मंदिराला वळसा घालून पुढे जाता येत नाही. २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला सत्याग्रह अस्पृश्य ठरवल्या गेलेल्या, देवाच्या दारात उभ्या राहिलेल्यांचा होता. दार बंद होते. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात डॉ. आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. हे निघून जाणे भरकटणे नव्हते. ख्रिस्ती मिशनरी तेव्हा आशेने पाहत होते. पण आंबेडकरांना आणि त्यांच्या लोकांना भारतीय चर्चमध्ये जात दिसत होती, आणि ती होतीच. यहेज्केलाचा चौतिसावा अध्याय त्या वेळी महाराष्ट्रातल्या किती चर्चांत वाचला गेला असेल?

या विषयावरचे सर्वात खरे मराठी पुस्तक कोणते, असे विचारले तर मी कोणत्याही धर्मशास्त्राकडे बोट न दाखवता लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’कडे दाखवीन. लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या, माहेरच्या गोखले. त्यांचे पती नारायण वामन टिळक कोकणातले. आईच्या मृत्यूनंतर घर सोडून पोरवयात नाशिकला आले आणि गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकले. १८८० साली लग्न झाले. टिळकांचा पाय घरात ठरत नसे. न सांगता निघून जाणे, महिनोन्‌महिने पत्ता नसणे हे लक्ष्मीबाईंना नित्याचे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा नातलगांच्या लेखी ते गेलेच. मिशनच्या लेखी ते सापडले होते. लक्ष्मीबाईंच्या लेखी मात्र ते होते तिथेच होते: नेहमीसारखे घराबाहेर.

पुढची काही वर्षे या दोघांनी एकमेकांचा जो माग काढला तो कोणत्याही दाखल्यात बसत नाही. कोण घरात आणि कोण दूरदेशी, हेच ठरत नव्हते. टिळकांनी बायकोला ओढून नेले नाही. त्या अखेर मुलासह नगरला गेल्या तरी आपले सोवळे आणि आपली चूल वेगळी ठेवून राहिल्या, आणि ती चूल टिळकांनी मोडली नाही. १९०० साली त्यांनी स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. १९३४ ते १९३६ या काळात निघालेल्या ‘स्मृतिचित्रे’त याविषयी उपदेशाचे एक वाक्य नाही, उलट विनोद इतका की वाचणाऱ्याला हे दुःखाचे पुस्तक आहे हे उशिरा कळते. शोधणाऱ्या देवाविषयीची माझी समजूत मुख्यतः त्या वेगळ्या चुलीने घडवली आहे. शोधणे म्हणजे पकडून आणणे असे मानणाऱ्यांना तिथे उत्तर मिळते.

टिळकांनी स्वतः सांगितले होते की ते ख्रिस्तापर्यंत तुकारामाच्या पुलावरून आले. पंढरीचा देव भक्तासाठी येतो, राबतो. एकनाथांच्या घरी पाणी भरतो, जनाबाईबरोबर दळण दळतो. हा देव ज्याच्या कानावर लहानपणापासून आहे त्याला लूकचा पंधरावा अध्याय नवखा वाटत नाही. फरक आहे तो नक्की कुठे, यावर या पुस्तकातले लेखक एकमेकांशी सहमत नाहीत, आणि मी त्यांना सहमत करण्याचा प्रयत्न केलेला नाही. माझे मत असे की विठ्ठल प्रामुख्याने भक्ताकडे धावतो. लूकमधला बाप ज्याने त्याला जिवंतपणीच मेलेला धरून वाटणी मागितली त्याच्याकडे धावतो. पापी असूनही तरलेल्या अजामिळाची कथा समोर ठेवून मला कोणी खोडून काढू शकेल. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ साली, टिळक मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले आणि साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही जागा होती. १९१९ साली ते वारले आणि दरबार विरला. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे अपुरे महाकाव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेले.

त्याआधीच पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात ‘कृपासदन’ नावाचा विभाग उघडला होता. समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांसाठी तो होता. दुष्काळात त्या आणि त्यांच्या सहकारी मुलींना शोधायला स्वतः फिरल्या. सिद्धान्त त्यांनी फार लिहिला नाही. त्यांच्या बैलगाड्या कुठल्या रस्त्यांनी गेल्या ते पाहिले की पुरते.

आज हा विषय पुन्हा हाती घेण्याची कारणे साधी आहेत. नाशिकमध्ये अँग्लिकन धर्मप्रांत १९२९चा, आता तो उत्तर भारतीय चर्चचा. कॅथलिक धर्मप्रांत १९८७चा. नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला फेब्रुवारीत मुंबई-वसई-गोव्याहून भाविकांची रीघ लागते आणि त्यांत सर्व धर्मांचे लोक असतात. पण त्याच शहरात सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळी करणारा ख्रिस्ती तरुण रविवारी उपासनेला येत नाही. आंतरधर्मीय लग्न केलेल्या मुलीला मंडळीत अवघड वाटते. दारूने घर मोडलेल्या माणसाचे नाव प्रार्थनेत येते आणि त्याच्या दारात मात्र कोणी जात नाही. हजेरीपटावर यांच्या नावांपुढे फुली पडते. कोणी चर्च बदलतो, कोणी सगळेच सोडतो. त्यांच्याविषयी आपण ‘थंड पडले’ असे म्हणतो, जणू चूल त्यांच्याकडेच होती. दुसरीकडे ‘घरवापसी’ हा शब्द राजकारणात गेला आहे, आणि धर्मांतराच्या कोणत्याही चर्चेत कोण कोणाचे मेंढरू पळवतो याचीच भांडणे आहेत. लूकच्या दाखल्यात मेंढपाळ दुसऱ्याच्या कळपातले मेंढरू आणायला जात नाही. तो स्वतःचे हरवलेले शोधतो. ख्रिस्ती मंडळ्यांनी हा मुद्दा आधी स्वतःला लावून पाहावा, असे मला स्पष्ट म्हणायचे आहे.

या संग्रहात म्हणूनच विद्वत्तेचे निबंध आणि अनुभवाच्या साक्षी शेजारी-शेजारी ठेवल्या आहेत. काही लेखक कॅथलिक आहेत, काही प्रॉटेस्टंट, आणि काहींनी चर्च सोडलेले आहे. सोडलेल्यांचे लेख शुद्धलेखनापलीकडे दुरुस्त केलेले नाहीत. त्यांतल्या एकानेही शेवटी परत आल्याचे लिहिलेले नाही, आणि तसे लिहा असे कोणाला सुचवलेही नाही. मंडळीच्या काही ज्येष्ठांना हे खटकेल. खटकण्याचे कारण त्यांना दाखल्यातल्या थोरल्या भावाकडे सापडेल. त्याच्याशी मला वैर नाही, कारण तो दिवसभर शेतात राबून आला होता आणि त्याला कोणी निरोपही धाडला नव्हता. त्याच्या बाजूनेही इथे एक समर्थ लेख आहे.

काही गोष्टी मुद्दाम वगळल्या आहेत. चमत्काराने व्यसन सुटल्याच्या साक्षी चर्चांच्या मासिकांत भरपूर मिळतात. त्या खऱ्या असतील, पण त्यांतून वाचकाला शोधणाऱ्यापेक्षा सापडलेल्याचीच ओळख जास्त होते. नरक आणि शिक्षा यांवरचे लेखनही घेतलेले नाही. तो विषय खोटा आहे असे नाही. मराठी ख्रिस्ती वाङ्मयात त्यावर पूर्वी इतके लिहिले गेले आहे की नव्या संग्रहाची त्यासाठी गरज नाही. मराठी बायबलची भाषा बदलत गेली आहे; इथल्या लेखकांपैकी कोणी जुने भाषांतर वापरले आहे, कोणी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’. त्यामुळे एकाच प्रसंगाचे शब्द लेखागणिक वेगळे दिसतील. ते एकसारखे करण्याचा आग्रह धरला नाही.

वाचकाला एकच विनंती. लेख कोणत्याही क्रमाने वाचावेत, पण त्याआधी लूकचा पंधरावा अध्याय एकदा सलग वाचावा, अगदी मोठ्या भावाच्या प्रसंगापर्यंत. घरात बायबल नसेल तर शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाकडे मागावे. ते आनंदाने देतील. अध्याय अवघ्या बत्तीस वचनांचा आहे.